मिरजेच्या मुलीला: त्या क्लासचे पावणेदोन लाख भरू नकोस

पत्र आधी थोडक्यात देतो, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल.

"नमस्कार दादा, मी २९ वर्षांची, मूळची मिरजेची, सध्या पुण्यात राहते. गाण्यात विशारद झालंय, त्यापुढच्या अलंकार परीक्षेची तयारी अर्धवट पडलीये. गुरुजींकडे आठ वर्षं शिकतेय, गंडा बांधलाय, म्हणजे रीतसर शिष्या आहे. चौदा जणांच्या शिकवण्या घेते, अधूनमधून कार्यक्रम होतात, पण त्यातल्या निम्म्यांचं मानधन म्हणजे शाल-श्रीफळ. सगळं धरून महिन्याला बावीस-तेवीस हजार येतात, मे महिन्यात तेही नाही. गेले चार महिने यूट्यूबवर बघून वेबसाइट बनवायचं एचटीएमएल-सीएसएस शिकतेय आणि खरंच मजा येतेय. एका क्लासवाल्यांनी सांगितलंय की सहा महिन्यांत वेब डेव्हलपर, शंभर टक्के जॉब गॅरंटी, फी पावणेदोन लाख, हप्त्याने चालेल. बाबा म्हणतात एवढी वर्षं घातलीस ती पाण्यात. मैत्रीण म्हणते गाणं म्हणजे गणितच असतं, तुला कोडिंग सहज जमेल. गुरुजींना अजून काहीच बोलले नाहीये. जमेल का मला? आणि गाणं सोडल्याचं पाप लागतं का हो?"

अगं, पापाचं खातं माझ्याकडे नाही. पैशांचं थोडंफार कळतं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

क्लास लावू नकोस. शंभर टक्के गॅरंटी म्हणणाऱ्याला एवढंच सांग की नोकरी लागली नाही तर सगळी फी किती दिवसांत परत देणार ते लेटरहेडवर लिहून द्या, आणि मग बघ फोन किती पटकन ठेवतात. बारीक अक्षरात सहसा असं असतं की हजेरी इतके टक्के हवी, अमुक इतक्या इंटरव्ह्यूंना गेलंच पाहिजे, मिळेल ती नोकरी मिळेल त्या शहरात घेतलीच पाहिजे, मग ती आठ हजारांची डेटा एंट्री असली तरी गॅरंटी पुरी झाली. आणि तो जो "हप्ता" म्हणतात ना, तो बहुतेक वेळा क्लासचा नसतोच, कुठल्यातरी फायनान्स कंपनीचं तुझ्या नावावर काढलेलं कर्ज असतं. क्लासला टाळं लागलं तरी कर्ज चालूच. मी स्वतः असा एक क्लास केलाय बरं का, चाळीस हजार भरून, दुसऱ्या महिन्यात शिकवणारा सोडून गेला आणि उरलेले चार महिने आम्हाला पीडीएफ वाचून दाखवत होते. नाव सांगत नाही, आता तो क्लासही नाही. जे शिकायचंय ते सगळं फुकट आणि त्यापेक्षा चांगलं पडलंय: फ्रीकोडकॅम्प आहे, ओडिन प्रोजेक्ट आहे ज्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत आखून दिलेला अभ्यासक्रम आहे, आणि काही अडलं की एमडीएन, तो आमच्या, म्हणजे वेब डेव्हलपरांच्या, धंद्यातला शब्दकोश. इंग्रजीची भीती वाटत असेल तर वाटू दे, दोन महिन्यांत ती ठराविक दोनशे शब्दांची इंग्रजी अंगवळणी पडते.

आता गणित. तू मला विचारलं नाहीयेस पण मी करून दाखवतो, कारण हे कोणी सांगत नाही. मोठ्या आयटी कंपन्यांमध्ये फ्रेशरचं पॅकेज वर्षानुवर्षं तीन-साडेतीन लाखांच्या आसपास अडकून बसलंय. महिन्याला भागून पीएफ वगैरे कापलं की हातात चोवीस-पंचवीस हजार. छोट्या कंपनीत त्याहूनही कमी. म्हणजे तू आत्ता शिकवण्या करून जे कमावतेस तेवढंच, वर सकाळी साडेआठला घर सोडून हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास. पहिल्या वर्षी तुझा एक रुपयाही फायदा नाहीये. फायदा आहे तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी, जेव्हा अनुभव दाखवून उडी मारता येते, आणि मे महिन्यातही पगार येतो हा. हे माहीत असून जायचं असेल तर जा. "गाण्यात पैसा नाही, आयटीत आहे" एवढ्याच हिशेबावर जाणार असशील तर पहिल्याच दिवाळीला रडशील.

आणि सध्या दिवस बरे नाहीत हेही ऐक. फ्रेशरची भरती आटलीये, आणि साधं पाच पानांचं वेबसाइट आता एआय चहा उकळेपर्यंत करून देतं. आमच्या कंपनीत मी इंटरव्ह्यू घ्यायला बसतो, तबला सोडून... थांब, सोडून नाही म्हणत, तबल्यावरून इकडे येऊन दहा वर्षं झाली मला. तर मागच्या वेळी ज्या पोरांना घेतलं नाही त्यातल्या बहुतेकांचा प्रोजेक्ट झकास होता, फक्त त्यातली एक ओळ बदल म्हटलं तर हात थिजले, कारण ती ओळ त्यांनी लिहिलेलीच नव्हती. म्हणून एआय वापर, पण तू जसं विद्यार्थ्याला सांगशील ना की आधी वहीत न बघता म्हण, तसंच आधी स्वतः लिही, अडलं की मग "हे का चालत नाहीये" असं विचार. "करून दे" म्हणू नकोस निदान पहिले सहा महिने.

मैत्रिणीचं ते गाणं म्हणजे गणितच वगैरे, ते समारंभात बोलायला ठीक आहे. तिहाई (तीनदा वाजवायचा तुकडा) हिशेबाने बसवता येते म्हणून कोणाला जावास्क्रिप्ट, म्हणजे वेबसाइट चालती-बोलती करायची भाषा, येत नाही, मला दीड वर्ष लागलं. खरं जे कामाला आलं ते वेगळंच होतं. एकच पलटा (स्वरांचा ठराविक नमुना) दोनशे वेळा घोटून त्यातल्या एकशे नव्वद वेळा तो चुकीचा गेला तरी दुसऱ्या दिवशी परत बसायचं, ही सवय. इंजिनिअरिंग करून आलेल्या पोरांना ती नसते, तीन तास एरर गेला नाही की त्यांना वाटतं आपण मंद आहोत. आपल्याला तीन तास काही न जमणं म्हणजे साधा मंगळवार. दुसरं म्हणजे चुका काढलेल्या सहन होणं. कोड रिव्ह्यू म्हणून प्रकार असतो, तुझ्या प्रत्येक ओळीखाली कोणीतरी लिहितं की हे असं का, हे काढ, हे परत कर. ज्याने गुरूसमोर बसून "पुन्हा" हा शब्द ऐकलाय त्याला त्याचं काही वाटत नाही, उलट शिव्या नाहीत म्हणून बरंच वाटतं.

पण एक सवय आडवी येईल आणि ती मोठी आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. आपल्याकडे जे येतं ते पाठ असतं. बंदिश वहीत बघून गायली तर लाज वाटते, ठेका विसरला तर जमीन दुभंगावी असं होतं. आणि गुरुजी सांगेपर्यंत पुढचं विचारायचं नाही, विचारलं तर घाई झालीये असं म्हणतात. इथे दोन्ही उलट. मी पहिले तीन महिने सीएसएसच्या प्रॉपर्टी पाठ करत बसलो होतो, खरंच, वहीत दोन रंगांच्या पेनांनी लिहून, पलटे लिहावेत तशा. कोणालाच त्या पाठ नसतात गं. पंधरा वर्षं काम केलेला माणूससुद्धा डिव्ह, म्हणजे पानावरचा चौकोन, मधोमध कसा आणायचा ते दर महिन्याला शोधतो. आणि न कळलेलं ताबडतोब विचारायचं, अर्धा तास स्वतः झटून मग विचारायचं, गप्प बसून "सावकाश कळेल" म्हटलं तर टीमचा आठवडा जातो. मी पहिल्या नोकरीत चार दिवस गप्प बसलो होतो आदर म्हणून. मॅनेजरला वाटलं मी आजारी आहे.

प्रोजेक्ट काय करू असं तू विचारलं नाहीस पण चार महिन्यांनी विचारशीलच. सगळे टू-डू लिस्ट करतात, कॅल्क्युलेटर करतात, तू तंबोरा कर. ब्राउझरमध्ये आवाज काढायची सोय आतच असते, वेब ऑडिओ म्हणतात त्याला, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा, षड्ज २०७.६५ हर्ट्झ. पंचम काढायचा तर त्याला तीनने गुणून दोनने भाग, ३११.५. हे दोन सूर काढणारे ऑसिलेटर लाव आणि ऐक. दवाखान्यातल्या मशीनसारखा पीं आवाज येईल, घाबरू नकोस, त्यात जवारी, तारेची ती झणझण, नाहीये ना. मग गंधार लावून बघ, हा माझा आवडता भाग आहे. पेटीच्या पट्टीतून घेतलास तर काळी चारचा गंधार २६१.६ येतो आणि तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू, म्हणजे आपोआप, ऐकू येतो तो एक सप्तक खाली आणला की षड्जाच्या सव्वापट, २५९.६. दोन हर्ट्झचाच फरक, पण दोन्ही एकदम वाजवलेस की आवाज हेलकावे खायला लागतो आणि तुझ्या कानाला ते लगेच बोचेल. शेजारच्या टेबलावरच्या इंजिनिअरला काही फरक कळणार नाही. इंटरव्ह्यूमध्ये हे वाजवून दाखव आणि समजावून सांग, तिथल्या माणसाला तू आठवडाभर लक्षात राहशील.

त्यानंतर तुझा स्वतःचा तंबोरा, मिरजेचाच असणार, त्याच्या चार तारा फोनवर एकेक रेकॉर्ड कर, आणि ऑसिलेटर काढून त्या फाइल लाव. आता जवारी आली. मालकंस गायचा तर पंचमाऐवजी मध्यम हवा, त्यासाठी एक बटण, म्हणजे तुझी पहिली इफ-एल्स, "असं असेल तर हे, नाहीतर ते". काळी चारवरून काळी पाचला जायचं तर फाइलचा वेग साधारण १.१२२ पट. आणि एक गंमत होईल, पान उघडल्या उघडल्या तंबोरा सुरू होणारच नाही, तू कोड दहा वेळा तपासशील आणि कोड बरोबरच असेल. वापरणाऱ्याने एकदा कुठेतरी क्लिक केल्याशिवाय ब्राउझर सहसा आवाज करू देत नाही, जाहिरातींनी उच्छाद मांडला होता म्हणून केलंय ते. अशा गोष्टी कुठल्या क्लासच्या सिलॅबसमध्ये नसतात, अडल्यावरच कळतात.

तंबोरा झाला की ठेका. इथे मी तोंडावर पडलो होतो. सेट-इंटरव्हल नावाचं फंक्शन असतं, इतक्या इतक्या वेळाने हे कर म्हणून सांगतं, मी त्यावर तीनताल बसवला आणि खूश झालो. मग पानावर एक मोठा फोटो टाकला तर तो लोड होताना मात्रा अडखळली, नवखा साथीदार गायकाकडे बघत बसला की होते ना तशी. कारण ते फंक्शन "जमेल तेव्हा" वाजवतं, ब्राउझर दुसऱ्या कामात असला तर उशिरा. उपाय असा की ऑडिओचं स्वतःचं एक घड्याळ असतं, पुढच्या दोन-चार मात्रा कधी वाजायच्या ते त्या घड्याळावर आधीच नोंदवून ठेवायचं. समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, जागा डोक्यात पक्की असलेला तबलजी करतो तेच. एवढं जरी तू स्वतःहून सोडवलंस ना, तर मी तुझा रेझ्युमे वरच्या गठ्ठ्यात ठेवीन.

आणि मिरजेची आहेस तर पहिलं खरं गिऱ्हाईक घराजवळच आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. तिथल्या एखाद्या ओळखीच्या कारागिराला विचार की तुमचं साधं, मोबाईलवर नीट दिसणारं वेबसाइट करून देऊ का, तंबोऱ्याचे फोटो, कुठल्या पट्टीला लावलाय, आवाजाचं रेकॉर्डिंग, ऑर्डर कशी द्यायची, कुरिअरने भोपळा न फुटता कसा पाठवतात. पैसे थोडे घे पण घे. फुकट करू नकोस, शाल-श्रीफळाची सवय इकडे आणू नकोस.

दिवसाचं कसं बसवायचं? शिकवण्या संध्याकाळी असणार, त्या एकही कमी करू नकोस, तोच तुझा पगार आहे आणि तोच शिकायला वेळ देतोय. सकाळी खर्ज भरायचा तो भरच, पण दोन तासांचा हट्ट सोड, चाळीस मिनिटं पुरे. दहा ते एक लॅपटॉप, फोन दुसऱ्या खोलीत. आठवड्याचे सहा दिवस. साधारण दहा महिने ते वर्ष लागेल, जावास्क्रिप्टलाच त्यातले चार-पाच जातील, त्याच्याच पुढच्या पायरीच्या रिअॅक्टला घाईने पळू नकोस, स्वरज्ञान नसताना तराणा घेतल्यासारखं होतं. गिटहबवर, म्हणजे कोड लोकांना दाखवायच्या जागेवर, रोज थोडं टाकत जा. अलंकारची परीक्षा एक वर्ष पुढे ढकल, ती कुठे पळून जात नाही. विशारद रेझ्युमेत लिही, खाली, एका ओळीत, आणि एचआरच्या बाईंना कळावं म्हणून तिथेच "हिंदुस्तानी गायन, इतकी वर्षं शिक्षण, इतके विद्यार्थी शिकवले" असं लिही. शिकवण्याचा अनुभव लपवू नकोस, टीममध्ये नवीन माणसाला न चिडता समजावणारा माणूस दुर्मिळ असतो.

बाबांचं ते पाण्यात गेल्याचं. बाबांना विचार, गाण्याला पैसा कधी गाण्यातून आला? अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूर दरबारी होते, म्हणजे शाहू महाराजांच्या पगारावर. संस्थानं गेली तर मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडच्या आकाशवाणीत होते, प्रभाताई अत्रेही आकाशवाणीत, आणि त्या सायन्स आणि लॉ दोन्हीच्या पदवीधर. वसंतराव देशपांडे इथे पुण्यात वर्षानुवर्षं मिलिटरी अकाउंट्सच्या फायली उपसत होते. भातखंडे वकील. अश्विनी भिडे-देशपांडेंची बायोकेमिस्ट्रीत डॉक्टरेट आहे. दरबार बदलत आलाय, सध्याचा हिंजवडीत आहे आणि तिथे आयकार्ड घालून जावं लागतं, इतकंच. अर्थात ही नावं बाबांची समजूत घालायला वापर, स्वतःची नको. तू आणि मी वसंतराव नाही. नोकरी लागल्यावर पहिली दोन वर्षं तुझं गाणं मागे पडणारच, आवाजही थोडा बसेल, एसीत दिवसभर बसून घसा कोरडा पडतो, आणि ओळखीच्या आयोजकांची यादी तुझ्याशिवाय पुढे जाईल. माझं तसं झालं. आज मी महिन्यातून दोनदा वाजवतो, मित्राच्या घरी, आणि चांगलं वाजवतो की नाही ते माहीत नाही पण संयोजकाच्या फोनची वाट बघत वाजवत नाही. कधीकधी सवाई गंधर्व महोत्सवात मागे बसून एखाद्या जुन्या सोबत्याला स्टेजवर बघतो तेव्हा पोटात कालवतं. ते जात नाही. हे तुला आत्ताच सांगितलेलं बरं.

राहिले गुरुजी. त्यांना तू स्वतः सांग, आणि या महिन्यात सांग. दुसऱ्या शिष्याकडून कळलं तर त्यांना जे लागेल ते तुझ्या नोकरीमुळे नाही, लपवल्यामुळे लागेल. गंडा बांधला म्हणजे पगार बांधला नव्हता, हे त्यांनाही माहितीये, त्यांच्या उमेदीत त्यांनी स्वतः काय काय केलं असेल ते तुला कदाचित माहीतही नसेल. फोनवर नको, मेसेज तर मुळीच नको. तालमीनंतर सगळे गेले की थांब. "गाणं सोडतेय" असं वाक्य बोलू नकोस कारण ते खरं नाहीये, "नोकरी शोधतेय, रविवारी येत जाऊ का" असं विचार. रागावले तर रागावू देत, उत्तर देऊ नकोस, पाया पड आणि ये, पुढच्या रविवारी परत जा. माझ्या गुरुजींनी सहा महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं, आणि मग एक दिवस त्यांच्या नातवाचा लॅपटॉप बिघडला. मी हार्डवेअरवाला नाही हे त्यांना आजतागायत पटलेलं नाही.

तंबोरा वाजायला लागला की लिंक पाठव, मी ऐकीन. ठेका करशील तेव्हा एक सांभाळ, कॉम्प्युटर मात्रा शून्यापासून मोजतो, म्हणजे सम शून्यावर आणि तीनतालाची नववी मात्रा, खालीची (जिथे टाळी नसते ती), आठवर. आणि सगळ्या तालांना शून्यावर भरीचा धा लावून मोकळी होऊ नकोस, रूपक तालात पहिल्याच मात्रेला खाली असते, ती ती ना. बारा वर्षं तबला वाजवून मी तिथे धा लावला होता, आणि तो पहिल्यांदा ऐकला तो माझ्या बायकोने, तिला तबल्यातलं काही कळत नाही तरी ती म्हणाली, काहीतरी चुकतंय का रे?